पाच सेकंदांची पाटी

रज्जाकसरांच्या जुन्या विद्यार्थ्यांपैकी एकाचा फोन आला. "ताई, सरांवर एक छोटा व्हिडिओ करतोय. तुमच्याकडे त्यांचा चांगला फोटो असेल ना? नऊ वर्षं होते तुमच्याकडे." बघते म्हणाले आणि शोधलं. लग्नं, हळदी, बारशी, क्रिकेटचे सामने, सगळ्यांचे हजारो फोटो माझ्या डिस्कांवर आहेत. सरांचा एकही नाही. एका फोटोच्या कडेला एक कोपर आहे. ते त्यांचंच असणार, कारण बाही कोपराच्या वर मोजून दोन बोटं दुमडलेली आहे. तो फोटो मी पाठवला नाही. नाही म्हणून कळवलं आणि मंडपात स्क्रीन उभा करायला निघून गेले. ते गेल्याचं कळलं तेव्हाही असंच झालं होतं. काही वाटलं नाही. अजून वाटलेलं नाही.

कर्जतला माझा लग्नाच्या व्हिडिओचा आणि भाड्याच्या एलईडी स्क्रीनचा धंदा आहे. सुरुवात लाईट धरण्यापासून केली. हळदीच्या घरात बायकांमध्ये पुरुष लाईटवाला नको, म्हणून एका व्हिडिओवाल्याने मला घेतलं. खालापूरला माझ्या सासरी यावर फार हसले. दीर मला 'खांब' म्हणायचा. पुढे कॅमेरा घेतला, स्क्रीन घेतले आणि दुकानावर माझंच नाव लावलं, 'सुगंधा स्क्रीन'. सासऱ्याचं नाही, नवऱ्याचं नाही. हे सांगते, कारण पुढे जे झालं त्यात या नावाचा संबंध आहे.

रज्जाकसर माझ्याकडे टायटल करायचे. व्हिडिओच्या सुरुवातीला नावं येतात, अक्षरं हलतात, उलगडतात, ते काम. सकाळी एका क्लासमध्ये मुलांना ॲनिमेशन शिकवायचे आणि अकरा वाजता दुकानात यायचे. बारीक अंगाचे, पांढऱ्या शर्टातले, खिशाला पेन लावलेले. त्या पेनाने त्यांनी काही लिहिलेलं मी पाहिलं नाही. गळ्यात एक स्टॉपवॉच असायचं, शाळेच्या पीटीच्या मास्तरांकडे असतं तसं. चहा काळा. मला ते मालकीणबाई म्हणायचे. त्यात आदर किती आणि टोमणा किती, याचा अंदाज मला कधी आला नाही. घासाघीस करण्यात माझा हात कुणी धरत नाही, पण या माणसाशी बोलताना आपण नक्की कशावर घासाघीस करतोय तेच कळायचं नाही.

वेळ ते फ्रेममध्ये मोजायचे. व्हिडिओत एका सेकंदात पंचवीस चित्रं जातात. मी म्हटलं, "सर, दोन मिनिटांत आले," की म्हणायचे, "म्हणजे तीन हजार चित्रं. सावकाश या." गिऱ्हाईक म्हणालं, "जरासं फास्ट करा," तर विचारायचे, "किती चित्रांनी?" गिऱ्हाईक माझ्याकडे बघायचं. मग मी काहीतरी बोलून वेळ मारून न्यायची.

थांबणाऱ्या वस्तू बघायचा त्यांना नाद होता. पंखा बंद केला की शेवटची पाती थांबेपर्यंत मान वर. पाळणा थांबताना, फाटक बंद होताना, सगळं बघून घ्यायचे. माथेरानच्या एका हॉटेलची जाहिरात मिळाली, तेव्हा मी त्यांना एका दिवसासाठी वर पाठवलं. ते तीन दिवस राहिले. खाली आले आणि सांगायला लागले, "घोडा उतारावर थांबतो ना, तेव्हा आधी मान थांबते. पाय नंतर." मी विचारलं, हॉटेलच्या खोल्या शूट केल्या का? एक केली होती. बाकी सगळा घोडा. मी दुकानात सगळ्यांसमोर जे बोलायचं ते बोलले. त्यांनी ऐकून घेतलं, मग खुर्ची ओढून बसले आणि हॉटेलचं नाव पडद्यावर असं आणलं की हॉटेलवाल्याने पुढच्या वर्षीही कामाला आम्हालाच बोलावलं. का आवडलं ते त्याला सांगता येईना. "नाव कसं आरामात येऊन बसतं," एवढंच म्हणाला.

पण सरांचा खरा हट्ट वेगळा होता. पळसदरीहून दगडूमामा दूध घेऊन यायचे. साठीच्या पुढचे, शेतकरी माणूस, प्रौढांच्या वर्गात वाचायला शिकलेले. पडद्यावरचं प्रत्येक अक्षर बोटाने दाखवत, ओठ हलवत वाचायचे. सर प्रत्येक टायटल दगडूमामांना दाखवायचे. मामा स्टुलावर बसणार, मांडीवर रिकामी किटली, आणि सर मागे उभं राहून स्टॉपवॉच दाबणार. मामांनी नाव वाचून पुरं केलं की तेवढा वेळ धरायचा, त्यात पाच चित्रं वाढवायची. मग ते नाव पडद्यावरून हलायचं.

"सर," मी म्हणायची, "आपली गिऱ्हाइकं शिकलेली आहेत. एका दूधवाल्यासाठी आपण टायमिंग ठरवतोय."

"शिकलेल्यांना जास्त वेळ मिळाला तर ते काय करतील, मालकीणबाई? थोडं थांबतील. मामांना कमी मिळाला तर नाव जातं."

मामा म्हणायचे, "बाय, मला घाय नाय. तुला हाय काय?"

मला घाई होती. पण कामं येत होती, म्हणून मी गप्प बसायची.

कुंभिवलीच्या क्रिकेटच्या सामन्यांचं प्रक्षेपण आम्ही करायचो. तिथल्या मंडळाला सुरुवातीला त्यांच्या नेत्याचा फोटो हवा होता, ज्वाळांतून बाहेर येणारा, मागे वाघाची डरकाळी. सरांनी नको म्हटलं नाही. ज्वाळा केल्या, आणि दगडूमामांना बसवलं. मामा बघतच राहिले.

"वाचा ना मामा," सर म्हणाले.

"काय वाचू? आग बघू का नाव बघू?"

मंडळाचा सेक्रेटरी तिथेच होता. तो तापला. "ओ सर, जाळ कमी दिसतोय. जरा वाढवा."

"वाढवतो," सर म्हणाले. "पण साहेबांच्या मिशा जातील."

सेक्रेटरी हसला, मामा हसले, आणि जाळ कमी झाला. नेत्याला ते टायटल इतकं आवडलं की त्याने ते तीनदा लावायला सांगितलं. एक संघ पॅड बांधून उन्हात उभा होता.

ते टायटल एका सिनेमावाल्याने पाहिलं. मुंबईचा दिग्दर्शक, कर्जतजवळ सेट लावला होता आणि अर्धा सिनेमा पळसदरीच्या धरणावर काढणार होता. गर्दीतली माणसं तिथलीच घेतली, बहुतेक बायका. त्याने आम्हाला सिनेमाचं टायटल करायला सांगितलं. सुरुवातीचं आणि शेवटचं, दोन्ही.

हे काम ठरवायला मी एक दिवस घेतला. घासाघीस करताना मी माझ्याकडच्या सगळ्या गोष्टी सोडल्या, शूटिंगला स्क्रीन दिले, जनरेटर दिला, आणि बदल्यात एकच गोष्ट मागितली. शेवटी श्रेयनामावलीत काही नावं एकटी येतात, त्याला आम्ही पाटी म्हणतो. मला माझ्या दुकानाच्या नावाची पाटी पाहिजे होती. एकटी, काळ्यावर पांढरी, पाच सेकंद. दिग्दर्शक म्हणाला, तीन. मी उठून चालायला लागले. तो म्हणाला, बरं, पाच.

सुरुवातीचं टायटल सरांनी धरणाच्या भिंतीवर केलं. एप्रिलचा उन्हाळा. दगड एवढा तापलेला की बसता येत नव्हतं. त्यांनी एक जाड कुंचला आणि पाण्याची बादली घेतली आणि नटांची नावं पाण्याने दगडावर लिहिली. कॅमेरा लावला होता. ऊन अक्षरं पिऊन टाकायचं. मग तो तुकडा उलटा चालवायचा. म्हणजे कोरडा दगड दिसतो, आणि त्यातून नाव ओलं होत वर येतं. मी कॅमेऱ्यावर छत्री धरून उभी होते, अक्षरांवर सावली पडू नये इतक्या अंतरावर. एकेक नाव सात-आठ वेळा लिहिलं. मी म्हटलं, "सर, हे कॉम्प्युटरवर होतं." ते म्हणाले, "कॉम्प्युटर सगळीकडून सारखं सुकवतो. इथे बघा, काना आधी जातो, वेलांटीचं टोक मागे राहतं." मी बघितलं. तसंच होत होतं. दिग्दर्शकाने ते पाहिलं तेव्हा खुर्चीतून उठला, एवढं मला आठवतं.

शेवटच्या टायटलला त्याने एकच मिनिट दिलं. जास्त लांबलं तर थिएटरवाले दिवे लावतात, म्हणाला. त्या मिनिटात सगळे कारागीर, आभार, पळसदरीची बेचाळीस माणसं आणि माझी पाटी बसवायची होती. सर चार दिवस त्यावर बसले. मी विचारलं, "बसतंय का?" ते म्हणाले, "बसवतो." त्यांच्या तोंडून हे ऐकलं की मी पुढचं विचारत नसे.

सिनेमा लागला तेव्हा खोपोलीच्या थिएटरचा दुपारचा शो मी जवळजवळ भरला. दोन टेंपो करून पळसदरीच्या बायका आणल्या. खालापूरहून सासरच्यांना आणलं. सासू, दीर, जाऊबाई, दिराचे मित्र. दिराला मुद्दाम माझ्या शेजारी बसवलं. सांगितलं, सिनेमा संपला की उठायचं नाही.

सिनेमा संपला. शेवटचं टायटल सुरू झालं. कारागीर गेले, आभार गेले, मग पळसदरीची नावं आली, सहा-सहा नावांचं एकेक पान. मागच्या रांगेतून एक बाई ओरडली, "अगं, मी! मी हाय!" दुसरी तिच्या अंगावर पडली. "माझं पन हाय गं, खाली बघ." थिएटरात आरडाओरडा झाला. कुणी आपलं नाव मोठ्याने वाचत होतं, कुणी शेजारणीचं. दगडूमामांची सून त्यांत होती. तिचं नाव शेवटच्या पानावर, शेवटून पहिलं. मामा उभे राहून बोट पुढे करून वाचत होते आणि त्यांनी ते पुरं वाचलं. मी ऐकलं. मग पडदा काळा झाला. मी दिराच्या दंडाला हात लावला. "आता बघ."

दिवे लागले.

माणसं उठायला लागली. मी बसून राहिले. दीर थोडा वेळ पडद्याकडे बघत बसला, मग म्हणाला, "वहिनी, नाव दिसलं नाय गं तुझं. का माझी पापणी मिटली?" त्याचे मित्र हसले. सासूने पदर सावरला आणि चपला शोधल्या.

सर बाहेर झाडाखाली उभे होते. आत ते पडद्याकडे पाठ करून उभे होते, हे मला नंतर पळसदरीच्या बायकांनी सांगितलं. सगळा वेळ माणसांचे चेहरे बघत होते.

"माझी पाटी कुठे आहे?" मी विचारलं.

"काढली."

"कोणी?"

"मी. दिग्दर्शकाला सांगितलं, तुम्हाला चालतंय."

मला आधी ते नीट समजलंच नाही. परत विचारलं. त्यांनी परत तेच सांगितलं, त्याच आवाजात. म्हणाले, "पाच सेकंदांची पाटी होती. नावांची सात पानं. पाटी काढली तर प्रत्येक पानाला जवळजवळ पाऊण सेकंद जास्त मिळतो."

"पाऊण सेकंदाने काय होतं?"

"मामा सहाव्या नावापर्यंत पोचतात. नाहीतर पाचव्यावर पान जायचं. सहावं नाव असलेल्या सात बायका राहिल्या असत्या."

"मला विचारलं का नाहीत?"

"तुम्ही नाही म्हणाला असतात."

"म्हणालेच असते!"

"मग मला ते ऐकावं लागलं असतं," ते म्हणाले.

मी पुष्कळ बोलले. टेंपोवाले बघत होते, सासरची माणसं बघत होती. लाईट धरण्यापासूनचं सगळं बोलले. पगारी माणसाने मालकाचं नाव पुसलं, हे बोलले. दुसऱ्याच्या ताटातलं उचलून दान करणारा दानशूर, हेही बोलले. ते ऐकत होते. घोड्याच्या वेळी ऐकलं होतं तसंच. शेवटी म्हटलं, "उद्यापासून येऊ नका."

"नेरळच्या लग्नाचं टायटल अर्धं आहे. ते पुरं करून जाऊ?"

"नको."

"बरं," म्हणाले, आणि बसच्या थांब्याकडे चालायला लागले.

पळसदरीच्या बायका टेंपोत चढत होत्या. एकमेकींना आपली नावं अजून सांगत होत्या. एक मला म्हणाली, "बाय, लई भारी झालं गं." मी हो म्हटलं.

लोक मला म्हणतात, जाऊ दे, सर चांगल्या मनाचे होते. असतील. मीही तसंच सांगते गिऱ्हाइकांना. पण त्यांच्या चांगुलपणाची किंमत माझ्या खिशातून गेली आणि मला न विचारता गेली. एखाद्याला पाच सेकंद सोडायला सांगितलं असतं तर त्याने कदाचित सोडलेही असते. मी सोडले असते का? नसते सोडले. ते त्यांना ठाऊक होतं. इतकं ओळखणारा माणूस असं करतो, हे मला पचलं नाही. त्यांनी मला ओळखलं नसतं तर बरं झालं असतं.

नेरळचं टायटल दुसऱ्याने पुरं केलं. आता सगळी तयार टायटलं मिळतात. नाव टाकायचं, बटण दाबायचं. गिऱ्हाईक खूश असतं. दगडूमामा पुढे काही दिवस आले. नव्या माणसाने त्यांना स्टुलावर बसवलं नाही. मग एक दिवस म्हणाले, "बाय, आता तुमी दुसरीकडनं घ्या दूध. इकडं पाय वळत नाय." मी दुसरीकडून घ्यायला लागले.

त्या वर्षी मी कुंभिवलीजवळ हायवेला एक होर्डिंग घेतलं. जागेसाठी इतकी भांडले की जागेचा मालक हात जोडायला लागला. त्यावर माझ्या दुकानाचं नाव, काळ्यावर पांढरं, दुसरं काही नाही. फोन नंबरही नाही. पेंटर म्हणाला, "ताई, नंबर तरी टाका, धंदा कसा येणार?" मी नाही म्हटलं. ते दिवसरात्र तिथे असतं. दीर रोज त्याच रस्त्याने कंपनीत जातो.

सर गेले ते हृदयविकाराने, क्लासमध्ये, सकाळी. मी दोन आठवड्यांनी त्यांच्या घरी गेले. मैमुनाभाभींनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, पाणी दिलं. घरात पंखा चालू होता. आम्ही दोघी त्याच्याकडे बघत नव्हतो. मी इकडचं तिकडचं बोलले आणि मग जे विचारायला गेले होते ते विचारलं. सर कधी त्या सिनेमाबद्दल बोलले का?

"एकदा बोलले," भाभी म्हणाल्या. "मीच म्हटलं होतं, ताईंकडचं काम गेलं तुमच्या हातून, जाऊन माफी मागा. ते म्हणाले, माफी कशी मागू? उद्या परत तोच सिनेमा आला तर परत पाटी काढीन."

मी पाणी पिऊन पेला खाली ठेवला. भाभी म्हणाल्या, "राग येऊ देऊ नका." मी म्हटलं, "नाही येत." खरंच येत नव्हता. त्याच्या जागी काहीच येत नव्हतं.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते त्यांच्या जाण्याच्या दोनेक महिने आधी. कुंभिवलीला स्क्रीन पोचवून परत निघाले होते. दुपारी एक वाजला असेल. होर्डिंगखाली सर उभे होते. हातात कापडी पिशवी, बाही दोन बोटं दुमडलेली. केस पार पांढरे झाले होते. हायवेला तिथे झाड नाही, सावली फक्त होर्डिंगची, आणि दुपारी तीही एका माणसापुरती. त्या पट्ट्यात ते रिक्षाची वाट बघत उभे होते.

मी गाडी पलीकडच्या कडेला थांबवली. काच खाली केली नाही. त्यांनी मान वर करून एकदा बघावं, एवढ्यासाठी थांबले. माझ्या नावाचं एकेक अक्षर माणसापेक्षा उंच आहे. त्यांनी बघितलं असतं तर मी काय केलं असतं, मला माहीत नाही. हॉर्न वाजवला असता कदाचित.

डोक्यावर बोचकं घेतलेली एक बाई आली आणि उन्हात उभी राहिली. सरांनी तिला काहीतरी विचारलं, ती नको म्हणाली असावी. तरी ते बाजूला झाले आणि ती सावलीत शिरली. ते उन्हात उभे राहिले, पिशवी कपाळावर धरून, रस्त्याच्या ज्या बाजूने रिक्षा येणार त्या बाजूला बघत. मी बरीच मिनिटं बसले होते. सहा सीटर आली. आधी बाई चढली, मग बोचकं, मग ते वाकून आत बसले. रिक्षा खोपोलीच्या बाजूला गेली. त्यांनी वर बघितलं नाही.